रणदिवे बाईंनी काय दिवे लावले?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

दरवर्षी ८ नोव्हेंबरला आपल्या ग्रुपवर एक फोटो फिरतो. डॉ. कमल रणदिवे. २०२१ साली गूगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हापासून तर फारच जोरात फिरतो. खाली मजकूर ठरलेला: ब्रेस्ट कॅन्सरचं जनुक शोधणारी मराठी शास्त्रज्ञ, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा, हात जोडलेले दहा इमोजी.

आणि २०२३ च्या डिसेंबरात काय झालं ते आठवा. नागपूर अधिवेशनात, विधान परिषदेत, सारथीच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला होता. तेव्हा पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार आहेत, असा सवाल राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनीच केला. वाद झाला, चार दिवसांत विरलाही. पण ज्या ग्रुपवर नोव्हेंबरात बाईंचा फोटो फिरला होता, त्याच ग्रुपवर डिसेंबरात "बरोबरच बोलले" म्हणणारे लोक मी पाहिले. काही नावं तर तीच होती.

दोन्ही एकदम चालणार नाही, मंडळी. बाई हव्या असतील तर फेलोशिप हवी. फेलोशिप नको असेल तर मग त्यांच्या फोटोवर हक्क सांगू नका.

प्रश्न एका मंत्र्याचा असता तर मी एवढं लिहिलंच नसतं. तो प्रश्न आपल्या घराघरांत आहे. "अजून शिकतीच आहे? मग कमावणार कधी?" हे लग्नाच्या पंगतीत विचारणारे आपणच. म्हणून त्या प्रश्नाचं आज सरळ उत्तर देतो. पीएचडी करून रणदिवे बाईंनी काय दिवे लावले?

आधी तो फॉरवर्ड दुरुस्त करू. बाईंनी ब्रेस्ट कॅन्सरचं जनुक शोधलेलं नाही. बीआरसीए-१ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे, हे १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं. तेव्हा रणदिवे बाई सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. दुसऱ्याचं श्रेय आपल्या माणसाच्या नावावर चढवणं हा अभिमान नाही, ती आपल्याच माणसाची चेष्टा आहे. कारण त्यात त्यांनी खरं केलेलं काम झाकलं जातं.

खरं काम असं.

१९१७ साली पुण्यात जन्म. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं ही वडिलांची इच्छा. मुलीने दोन्ही केलं नाही. लग्न केलं ते गणितातल्या जे. टी. रणदिव्यांशी, १९३९ साली. आणि १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी केली. विषय काय? सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं.

आता बघा, सीताफळाची गुणसूत्रं! आजच्या भाषेत "याचा समाजाला उपयोग काय" असं विचारून तिथेच घरी पाठवलं असतं. पण पेशीच्या आत बघायची नजर तिथेच तयार झाली. ती नजर घेऊन बाई मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली आल्या. खानोलकर म्हणजे भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा माणूस. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली. मग बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत. १९५१ साली हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी ज्या प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या आणि 'हेला' नावाने जगभर पोचल्या, तीच ही प्रयोगशाळा. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवायच्या कशा, ही विद्या बाई तिथे शिकल्या.

आणि परत आल्या. मुंबईत १९५२ साली उभ्या राहिलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातली पहिली म्हणून तिची नोंद होते.

आता मुद्द्याचं. कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध शोधायचा तर तेव्हा साधन काय होतं? जनुक वाचायची यंत्रं नव्हती. साधन होतं उंदीर. पण कुठलेही उंदीर चालत नाहीत. सगळे जवळपास एकसारख्या जनुकांचे हवेत, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही. असा शुद्ध वंश तयार करायचा तर सख्ख्या भावाबहिणीची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांत पुन्हा तेच, असं सलग २० पिढ्या. एका पिढीला साधारण तीन महिने धरा. म्हणजे ६० महिने. पाच वर्षं.

पाच वर्षं फक्त उंदीर वाढवायचे. प्रयोग त्यानंतर सुरू. त्या पाच वर्षांत बातमी नाही, फीत कापणं नाही, मंत्र्यांसोबत फोटो नाही. पिंजरे साफ करा, नोंदी ठेवा, कुठल्या आईची कुठली पिल्लं याची वही सांभाळा. गणपतीतही उंदरांना खायला घालावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा: उंदराला मार्च एंड कळत नाही. ग्रँट चार महिने अडकली म्हणून तो थांबत नाही. खाणं थांबलं की वंश संपला, आणि मग पुन्हा पहिल्या पिढीपासून.

या उंदरांनी काय शिकवलं ते ऐका. काही वंशांतल्या माद्यांना स्तनाच्या गाठी फार होत, काहींत जवळजवळ नाहीत. लोक म्हणाले, आनुवंशिक आहे, संपलं. पण १९३६ साली अमेरिकेत बिटनर यांनी दाखवलं की जास्त गाठी होणाऱ्या वंशाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या वंशाच्या आईला पाजायला दिली, तर गाठी कमी होतात. म्हणजे आईच्या दुधातूनही काहीतरी जात होतं. तो पुढे विषाणू निघाला. (घाबरू नका, ही उंदरांची गोष्ट आहे. आपल्याकडच्या आयांनी बाळाला खुशाल पाजावं, त्याने धोका उलट थोडा कमी होतो.)

रणदिवे बाईंचं काम याच गुंत्यावर होतं. आनुवंशिकता किती, हार्मोन्सचा वाटा किती, विषाणूचा किती, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध काय. भारतात स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी संबंध मांडणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्यांचं नाव घेतात ते यामुळे. "एक जनुक सापडलं" यापेक्षा "एकच कारण नाही, हे नीट मोजून दाखवा" हे काम जास्त कठीण आहे. पण त्याचा फॉरवर्ड होत नाही, हीच तर अडचण आहे.

१९६६ ते १९७० त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. १९७३ साली अकरा सहकाऱ्यांबरोबर इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली. १९८२ साली पद्मभूषण. १९८९ साली निवृत्त झाल्यावर खेड्यापाड्यांत जाऊन बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, पोषणाचं शिक्षण दिलं. २००१ साली गेल्या. हे झाले दिवे.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, पण उंदरांच्या गाठी मोजून पेशंट बरा झाला का?

याचं उत्तर एका दुसऱ्या कॅन्सरमधून देतो, कारण तिथे हिशेब अगदी स्वच्छ दिसतो. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, सीएमएल. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना अशा पेशंटच्या पेशीत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. बस्स, एवढंच. "आखूड गुणसूत्र दिसलं" याने कोणता दिवा लागला? १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी दाखवलं की ते नुसतं आखूड नाही, ९ आणि २२ या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेत. या बाई गुणसूत्रांचे फोटो कापून घरच्या डायनिंग टेबलावर मांडून जुळवत बसायच्या. मग त्या जोडावर तयार होणारं घातक प्रथिन सापडलं, मग त्याला अडवणारं औषध, इमॅटिनिब. २००१ साली ते बाजारात आलं. आखूड गुणसूत्रापासून गोळीपर्यंत ४१ वर्षं. पूर्वी जो आजार काही वर्षांत माणूस नेायचा, त्यातले बहुतेक पेशंट आज रोज गोळी घेऊन कामावर जातात.

आणि आपल्याकडे ही गोळी गरिबाला परवडते कशी? कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्या तीच गोळी आठ-दहा हजारांत देत होत्या. पेटंटचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ ला कोर्टाने कंपनीचं पेटंट नाकारलं. पण कायदा कितीही चांगला असो, गोळी बनवायला रसायनशास्त्र येणारी माणसं देशात लागतात. ती कुठल्या तरी सरकारी लॅबमध्ये, कुणाच्या तरी फेलोशिपवर, "उपयोग काय" हे टोमणे ऐकतच तयार झालेली असतात.

आता आपल्या घरात येऊ.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो, आणि ९८ हजारांच्या आसपास त्यात जातात. यातले साधारण ५ ते १० टक्के आनुवंशिक. म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून (हो, वडिलांकडूनसुद्धा!) आलेला जनुकातला बिघाड. बीआरसीए-१ मध्ये असा घातक बिघाड असेल, तर त्या बाईला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या वर जाते. हे आधी कळलं तर लवकर तपासण्या करता येतात, काही जणी ऑपरेशनचा निर्णय घेतात. जीव वाचतो.

किंग यांनी हे शोधायला १९७४ च्या सुमारास सुरुवात केली आणि १९९० ला जागा सापडली. सोळा वर्षं. २३ कुटुंबांतल्या १४६ कॅन्सर पेशंटची वंशावळ आणि रक्ताचे नमुने मांडून. मधली कित्येक वर्षं, एवढ्या गुंतागुंतीच्या आजाराचं एक जनुक शोधणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असंच बऱ्याच जाणत्यांचं मत होतं. त्यांनी जागा दाखवल्यावर एका खासगी कंपनीने जनुक वेगळं काढून पेटंट घेतलं आणि टेस्टची किंमत तीन हजार डॉलरच्या वर नेली. २०१३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की निसर्गात आहे तसं जनुक कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही. मग स्वस्ताई आली. आपल्याकडेही आता ही टेस्ट होते.

पण इथे खरी मेख आहे, नीट वाचा. टेस्ट म्हणजे काय? तुमचं जनुक वाचायचं आणि आधीच्या हजारो लोकांच्या माहितीशी ताडून बघायचं. ती माहिती मुख्यतः कुणाची? युरोपीय वंशाच्या लोकांची. म्हणून आपल्या बाईच्या जनुकात एखादा वेगळा बदल दिसला, तर रिपोर्टवर पुष्कळदा येतं: महत्त्व अनिश्चित. म्हणजे बदल आहे, पण घातक की निरुपद्रवी, सांगता येत नाही. लातूरच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या ताईने, जिची आई आणि मावशी दोघी याच आजाराने गेल्या, पैसे जमवून टेस्ट केली आणि हातात हा कागद आला, तर तिने काय करायचं? ऑपरेशन करायचं की देवावर भरवसा ठेवायचा? मुलीला काय सांगायचं?

त्या कागदावरचं "अनिश्चित" पुसायचं काम बोस्टनमध्ये कुणी करणार नाही. ते इथेच करावं लागेल. इथल्या कुटुंबांच्या वंशावळी, इथले नमुने, वर्षानुवर्षं पाठपुरावा. हे काम कोण करतं? पीएचडी करणारी पोरं. तीच, काय दिवे लावणार म्हणून ज्यांना हसलात.

आणि त्यांची अवस्था काय? देश जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. चीन दोन टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया पाचाच्या आसपास. केंद्राची ज्युनियर फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. आकडा बरा वाटतो ना? माझ्या ओळखीतली एक मुलगी पेशीविज्ञानात पीएचडी करते. संस्थेचं नाव घेत नाही, तिला पुढे तिथेच सबमिशन करायचंय. तिची फेलोशिप सात महिने आली नाही, मग तीन महिन्यांची एकदम आली, मग पुन्हा बंद. मधल्या काळात खोलीचं भाडं वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून भरलं. पेशींना मात्र दर दोन-तीन दिवसांनी नवं द्रावण द्यावंच लागतं, रविवार असो की दिवाळी. ती जातेच. पगार नसलेली नोकरी, पण दांडी मारता येत नाही.

वर वय बघा. पीएचडी संपेपर्यंत तिशी, मग दोन-तीन वर्षं इथे करार, दोन वर्षं तिथे करार. पस्तिशीपर्यंत कायम नोकरीचा पत्ता नाही. मुलींचं तर याच वयात लग्न, बाळंतपण, आणि मग "घर आधी". रणदिवे बाईंना हे पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यांच्या संघटनेने वाशीत नोकरदार मुलींसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. मुलींनी शास्त्रज्ञ व्हावं असं वाटत असेल तर भाषणापेक्षा पाळणाघर जास्त कामाचं, हे समजणारी बाई होती ती. आज आपल्या जिल्ह्यातल्या किती कॉलेजांत पाळणाघर आहे? मोजा जरा.

आता आक्षेप. माहितीत आहेत मला.

"अर्ध्या पीएचड्या कॉपी-पेस्ट असतात." असतात. प्रमोशनसाठी केलेले थीसिस आहेत, पैसे घेऊन लिहून देणारे आहेत. मग तपासणी कडक करा, चोर पकडा. शेतात तण आलं म्हणून कुणी पेरणी बंद करत नाही. आणि गंमत अशी की फेलोशिप थांबली की कॉपी करणाऱ्याचं काहीच अडत नाही. अडतं ते खरं काम करणाऱ्याचं.

"गरीब देश आहे, आधी रस्ते-पाणी." १९५२ साली हा देश बाहेरून धान्य आणत होता. तेव्हा कॅन्सर संशोधनाचं केंद्र काढलं, आणि उंदरांच्या २० पिढ्यांची वाट बघायची तयारी ठेवली. तेव्हा जमलं ते आज, चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला जमत नाही?

"उद्योगपतींनी द्यावेत पैसे." टाटा मेमोरियल १९४१ साली टाटा ट्रस्टच्या पैशानेच उघडलं, त्यांचे उपकार आहेतच. पण पुढे ते सरकारने हाती घेतलं, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणून आजही कुठल्या तरी तालुक्यातला शेतमजूर तिथे उपचार घेऊ शकतो. सुरुवात दात्याची असते, पण पन्नास-साठ वर्षं खांदा सरकारलाच द्यावा लागतो.

तर मागणं साधं आहे. फेलोशिप पगारासारखी, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात जमा व्हावी. मंत्रालयातल्या कारकुनाचा पगार सात महिने अडकला तर काय होईल, विचार करा. राज्याच्या फेलोशिपची जाहिरात, निवड, पैसे यांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर व्हावं, आंदोलन करून मिळवायला लागू नये. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला गटार-रस्त्यांबरोबर एवढं विचारा: आपल्या मतदारसंघात फेलोशिप अडकलेली पोरं किती आहेत, साहेब, माहीत आहे का?

आणि हो, येत्या ८ नोव्हेंबरला बाईंचा फोटो पुढे पाठवायचा असेल तर पाठवा. फक्त खालचा खोटा मजकूर काढा आणि लिहा: या बाईने उंदरांच्या वंशावळी सांभाळल्या, पेशी वाढवल्या, माणसं तयार केली, आणि हे सगळं व्हायला वर्षं लागली. ती वर्षं त्यांना देशाने दिली.

ज्यांची फेलोशिप अडकली आहे त्यांनी कमेंटमध्ये फक्त विषय आणि किती महिने झाले तो आकडा लिहा. नाव नको, गाईडचं नको, संस्थेचं तर अजिबात नको. यादी झाली की मी आपल्या आमदारांकडे आणि खासदारांकडे स्वतः नेऊन देतो. पोच घेईन, फोटो इथेच टाकेन.